भोंगा बंद पडला

त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळायच्या. एक म्हणजे क्लच डाव्या पायाला असतो. आणि दुसरी म्हणजे आपल्या शेजारी बसलेला गृहस्थ हा गृहस्थ नसून भोंगा आहे.

मास्तर ओरडायचे. आवाज चढवायचे, रागवायचे वगैरे सौम्य शब्द इथे उपयोगाचे नाहीत. ते ओरडायचे. "आरसा बघा, आरसा! तो काय भांग पाडायला लावलाय?" एका बँकेच्या मॅनेजरना त्यांनी भर चौकात विचारलं होतं, की साहेब, तुम्ही गाडी चालवताय की गाडीची समजूत काढताय? काचा वर असल्या तरी आवाज बाहेर यायचा. गल्लीतली माणसं घरात बसून सांगायची, की आता मास्तरांची गाडी वळणावर आहे आणि शिकणाऱ्याने इंडिकेटर दिलेला नाही. भोंगा मास्तर हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण नाव ठेवणाऱ्याला फार विचार करावा लागला नसणार.

ओरडण्याच्या जोडीला त्यांचा पाय असायचा. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही ब्रेकचं पेडल असतं, आणि ते खालून एका दांडीने शिकणाऱ्याच्या पेडलला जोडलेलं असतं. मास्तरांनी दाबलं की आपल्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जातं. आपण नुसता पाय टेकवून बसलेले असतो आणि पायाखालची जमीनच सरकते. मास्तरांकडे शिकलेल्यांना सुरुवातीला वाटायचं, की ही गाडी स्वतःच घाबरते.

बायकोलाही त्यांनी एकदा शिकवायला घेतलं होतं. लग्न नवं होतं, हौस होती. चौकात गाडी बंद पडली, मागे भोंगे वाजायला लागले आणि शेजारचा भोंगा तर कधीचाच वाजत होता. शेवटी मास्तर गरजले, "उतर गाडीतून!" आणि ती उतरली की हो! दार आपटलं आणि तरातरा घराकडे चालायला लागली. मास्तर पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागोमाग घरापर्यंत आले, खिडकीतून माफी मागत. ती माफीसुद्धा ओरडूनच. अख्ख्या रस्त्याने ऐकली. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही.

लोक तिला मास्तरीणबाई म्हणायचे, पण ती शिकवत काहीच नव्हती. पाणीपुरवठा खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसायची. आपण त्यांना नुसतं बाई म्हणू. दिवसभर माणसं येऊन बाईंवर ओरडायची. पाणी नाही, पाणी गढूळ आहे, पाणी आहे पण शेजाऱ्याला जास्त आहे. बाई शांतपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आपली तक्रार नोंदवली आहे. पुढचे." इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. खिडकीवर येऊन जो ओरडतो त्याची काळजी नसते, कारण त्याला अजून पाणी हवं असतं. एखादा येतो, खिडकीसमोर उभा राहतो, आणि "राहू दे" म्हणून परत जातो. बाई त्याचा पत्ता शोधून काढायच्या आणि माणूस आधी त्याच्याकडे पाठवायच्या.

म्हणूनच मास्तर गप्प व्हायला लागले तेव्हा घरात काळजी लागली ती फक्त बाईंना.

बाकी सगळ्यांना आनंदच झाला. मास्तरांचा आवाज आधी उतरला, मग कमी झाला आणि एका वर्षात पार बंद पडला. स्कूलचे मालक तर हरखून गेले. घाबरट माणसं, रिटायर झालेली माणसं, आधी दुसरीकडे रडून आलेल्या मुली, सगळ्यांना हेच मास्तर हवे झाले. मालकांनी बोर्डावर नवी ओळ रंगवून घेतली, 'शांत स्वभावाचे प्रशिक्षक'. सासूबाई म्हणाल्या, "आला बाई एकदाचा शहाणपणा. लहानपणी याच्या घशाला फडकी गुंडाळून गुंडाळून मी थकले." मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे बाईंच्या नणंदेने, सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. तिने भावाला दीर्घ श्वसनाचा एक व्हिडिओ पाठवला होता. तो मास्तरांनी उघडलाच नव्हता, पण ते तिला कोण सांगणार?

बाईंना मात्र दुसरंच दिसत होतं. मास्तर संध्याकाळी घरी यायचे आणि एक बूट काढून बसायचे. दुसरा तसाच पायात. पेपर घडी न मोडता बाजूला. टीव्हीवर मॅच लागली तरी अंपायरला एकही शिवी नाही. डबा अर्धा परत यायचा, पुढे पुढे पाऊण. काही विचारलं की म्हणायचे, "असू दे." एकदा बाईंच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. मास्तरांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि कप विसळून ठेवला. बाईंनी स्वतःचा कप तोंडाला लावला, तेव्हा त्यांना कळलं. "अहो, बोलायचं तरी!" त्या म्हणाल्या. "असू दे," मास्तर म्हणाले. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

त्यांनी सासूबाईंना सांगून पाहिलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, नवरा ओरडत नाही म्हणून तक्रार? माझं अर्धं आयुष्य तुझ्या सासऱ्यांचं ओरडणं ऐकण्यात गेलं!" मालकांना सांगून पाहिलं. मालकांनी हातच जोडले. "वहिनी, पाया पडतो, त्यांना काही करू नका. असेच राहू द्या."

मग बाईंनी ठरवलं, की आपणच शिकायला जायचं. जगात दुसरं कोणी या माणसाला ओरडायला लावू शकणार नसेल, तर आपण लावू शकतो. तेवढा हक्क आपण भर चौकात कमावलेला आहे.

रोज सकाळी ऑफिसच्या आधी बाई गाडी शिकू लागल्या. शिकू लागल्या हे तोंडदेखलं. चुका करू लागल्या हे खरं. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सुरू करायच्या. वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावायच्या, तेही कोरड्या काचेवर. एक दिवस तर त्यांनी आरसा स्वतःकडे वळवला आणि खरोखरच भांग पाडला. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. "असू दे," म्हणाले, "होतं असं." पायाखालचं पेडल एकदाही हललं नाही. बाईंना वाटलं, की आपण गाडीत एकट्याच आहोत.

आणि मग त्यांच्या डोक्यात ती कचराकुंडी आली.

गोदामांच्या मागच्या रस्त्यावर सकाळी चिटपाखरू नसायचं. रस्त्याच्या टोकाला एक भलीमोठी लोखंडी कचराकुंडी होती. बाईंनी विचार केला, सरळ कुंडीवर गाडी घालायची. शेवटच्या क्षणी हे ब्रेक दाबतीलच. दाबतील आणि असे ओरडतील, की गोदामांचे पत्रे थरथरतील. बेत बिनचूक होता. त्यात एवढीच उणीव होती, की मास्तरांना त्याची कल्पना नव्हती.

कुंडी जवळ आली. बाईंनी ब्रेकवर पाय नुसता टेकवला आणि पेडल खाली जायची वाट पाहत राहिल्या. आणखी जवळ आली. पेडल जिथल्या तिथे. बाईंच्या लक्षात आलं, की आता आपणच दाबायला हवं, पण तेव्हा फार उशीर झाला होता. धाडकन आवाज झाला, कुंडी आडवी झाली, आतून एक मांजर शिव्या देत पळालं आणि बॉनेटवर कोबीची पानं येऊन पडली. एक दिवा गेला. माणसांना काही झालं नाही.

"मी दाबला होता," मास्तर हळूच म्हणाले.

"नाही दाबलात."

"दाबला होता गं. बघ."

बाईंनी वाकून पाहिलं. मास्तरांचा पाय पेडलच्या बाजूला, गाडीच्या तळावर होता. आणि तो अजूनही जिवाच्या आकांताने तळ दाबत होता.

"मला वाटलं पेडलवरच आहे," मास्तर म्हणाले. "पाय कळत नाहीत मला. मोजे काढले तरी मोजे घातल्यासारखे वाटतात. मुंग्या येतात, आणि कधीकधी त्याही येत नाहीत."

"कधीपासून?"

"झाले असतील बरेच महिने."

"आणि सांगितलं नाहीत?"

मास्तर बॉनेटवरच्या कोबीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सांगून काय झालं असतं? मला कशाचंच काही वाटत नाही गं. आता कुंडी येताना दिसत होती. तू गाडीत होतीस. आणि मला भीती वाटली नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही वाटली."

बाईंनी त्यांचा हात धरला. खरं तर त्यांना आता खूप भीती वाटत होती, दोघांच्या वाटची. हा माणूस शेजारी बसलेला होता आणि तरी नव्हता, आणि त्याला परत आणायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी त्या आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसला न कळवता गैरहजर राहिल्या.

त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना गाडी मास्तरांनीच शिकवली होती, आणि आरशात बघताना त्या अजूनही दचकायच्या. मास्तरांना एवढं गप्प बघून त्यांनी चष्मा काढून परत लावला. तळपायाला एक थरथरणारा चिमटा टेकवला आणि विचारलं, "कळतंय?" मास्तर म्हणाले, "काय?" मग डॉक्टरीणबाईंनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, आणि आवाज न बदलता हेही विचारलं, की जगणं नको वाटतं का? मास्तरांनी मोजा पायात चढवला. "नको असं नाही," ते म्हणाले. "हवं असंही नाही."

रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ तळाला गेलेलं, आणि व्हिटॅमिन डीसुद्धा कमी.

"नसांना बी-ट्वेल्व्ह लागतं आणि मेंदूलाही लागतं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "पाय बधिर होण्याचं कारण तेच दिसतंय. मनावरही त्याचा परिणाम होतो. पण मास्तर, तुम्हाला डिप्रेशनही आहे. आता उदास झालात म्हणून जेवण सुटलं आणि व्हिटॅमिन उतरलं, की व्हिटॅमिन उतरलं म्हणून मन उतरलं, ते मला विचारू नका. मला सांगता येणार नाही. बहुतेक दोघं एकमेकांना ढकलत होती. आणि ती पित्ताची गोळी किती वर्षं घेताय? तिनेही हे होऊ शकतं."

"ओरडून पित्त व्हायचं त्यांना," बाई म्हणाल्या. "म्हणून घ्यायचे."

"म्हणजे ओरडण्याने पित्त, पित्ताने गोळी आणि गोळीने भोंगा बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आपण पेशंटसमोर भोंगा म्हणालो हे लक्षात येऊन लाल झाल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली.

उपाय दोन्हीकडून ठरला. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, डीचे डोस, नीट जेवण. आणि मनाच्या डॉक्टरांकडे जायचं, ते देतील ती गोळी रोज घ्यायची, त्यांच्याशी बोलायचं. पाय परत येईपर्यंत गाडीत बसून शिकवणं बंद. मालकांनी मास्तरांना ऑफिसात खुर्ची दिली आणि बोर्डावरची ओळ पुसायची का, याचा विचार करत बसले.

घरात मात्र रिपोर्ट येताच वादळ उठलं.

"कमतरता?" सासूबाई उभ्याच राहिल्या. "माझ्या घरात? माझ्या हातचं खाऊन?" शब्द नुसता ऐकूनच त्यांचा इतका अपमान झाला, की दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या ताटात डोंगर यायला लागला. सकाळी अंडी, दुपारी मासे, मधल्या वेळी दूध आणि जेवल्यावर परत अंडी. नणंद दोन पिशव्या भरून आली. तिने रात्रभर फोनवर सगळं वाचून काढलं होतं आणि आता तिला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं.

"आणि ऊन?" सासूबाई म्हणाल्या. "ऊन कसं कमी पडेल? दिवसभर उन्हातच तर असतो मेला!"

"काचेच्या आत असतात, आई," बाई म्हणाल्या. "काचेतून ते व्हिटॅमिन येत नाही म्हणे."

झालं. गच्चीत खुर्ची गेली. मास्तरांना बनियनवर बसवलं आणि सासूबाई शेजारी स्टूल टाकून पहारा द्यायला लागल्या. थोड्या थोड्या वेळाने हुकूम सुटायचा, "आता पाठ कर." मास्तर मुकाट्याने पाठ करायचे. "आता डावीकडून." मास्तर डावीकडून. समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन बघायची. सासूबाई त्यांना ओरडून सांगायच्या, "व्हिटॅमिन कमी आहे!" त्यांच्या आवाजात आता अपमान राहिला नव्हता, एक प्रकारचा रुबाब आला होता.

रुबाबाचं कारण बाईंना हळूहळू कळलं. डिप्रेशन या शब्दाला घरात कोणी बसायला खुर्ची देत नव्हतं. व्हिटॅमिन म्हटलं की सगळं सोपं व्हायचं. ते दुधात असतं, अंड्यात असतं, बाजारात मिळतं. नणंद तर सरळच म्हणाली, "हे नुसतं व्हिटॅमिन आहे. मग त्या डोक्याच्या गोळ्या कशाला? आपल्या घरात डोक्याचं कोणाला काही नाही."

"ताई, डॉक्टरांनी दोन्ही सांगितलंय."

"डॉक्टर काय, सांगतातच!"

दिवस जात राहिले. मास्तरांच्या पायांत मुंग्या परतल्या, गालांवर थोडी तकाकी आली. पण बोलणं नाही ते नाही. अंडं समोर आलं की खायचं, पाठ कर म्हटलं की पाठ करायची. बाई रोज संध्याकाळी घरी आल्या की दारातच थांबून कान द्यायच्या. आत नुसता टीव्ही.

एका सकाळी गच्चीतल्या गुलाबाला पाणी घालताना बाईंना मातीत काहीतरी पांढरं दिसलं. त्यांनी बोटाने उकरलं. गोळी. शेजारी आणखी एक. कुंडीभर मनाच्या गोळ्या पेरलेल्या होत्या, ओळीने, व्यवस्थित, मास्तरांना सगळं व्यवस्थित लागायचं तसं. गुलाब मात्र भलताच प्रसन्न दिसत होता, त्याला सात फुलं आली होती.

मास्तर खुर्चीत होते. आज डावी बाजू चालू होती. बाईंनी मातीने भरलेला हात त्यांच्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

"ताई म्हणाली, नुसतं व्हिटॅमिन आहे," मास्तर म्हणाले. "मला बरं वाटलं ते ऐकून. व्हिटॅमिन कमी असणं बरं असतं गं. त्यात माणसाची काही चूक नसते."

"आणि दुसऱ्यात असते?"

मास्तरांनी कोणी न सांगताच पाठ केली. बाईंना एकदम त्यांची इतकी माया आली, की रागच विसरायला झाला. हा माणूस इतके महिने आपली चूक शोधत गप्प बसला होता. पण माया करून गोळी पोटात जाणार नव्हती. खिडकीवर बसणाऱ्या बाईला वाद घालायची सवय नसते, तिला फक्त नोंदवायची सवय असते. तरी त्यांनी जमेल तसं सुरू केलं.

"हे बघा. तुमच्या गाडीला दोन ब्रेक असतात ना?"

"दोन नसतात," मास्तर म्हणाले.

"असतात. एक तुमच्याकडे, एक शिकणाऱ्याकडे."

"ब्रेक एकच असतो. पेडलं दोन असतात."

"तेच ते."

"तेच ते कसं?" मास्तर खुर्चीत सरळ झाले. "ब्रेक म्हणजे ब्रेक. पेडल म्हणजे पेडल. खालून दांडी असते. इतकी वर्षं संसार केलास ड्रायव्हिंग मास्तरशी, आणि—" ते थांबले. त्यांना स्वतःलाच नवल वाटलेलं दिसलं.

बाईंनी कान टवकारले. आवाज चढला नव्हता, पण त्याला जरा धार आली होती. त्यांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"बरं, पेडल. मग मालकांनी तुमच्या बाजूचं पेडल काढून टाकलं तर? दुसरं आहेच की."

"काढून टाकलं तर ती शिकवण्याची गाडीच नाही! रस्त्यावर आणायला परवानगी मिळणार नाही! कोणाचा पाय चुकला तर—"

मास्तर परत थांबले. ते कुंडीकडे बघायला लागले. ही कुंडी गुलाबाची होती, पण त्यांना दुसरी आठवली असावी.

"पाणी आण," ते म्हणाले.

बाईंनी पाणी आणलं, आणि पाकिटातली नवी गोळी. मास्तरांनी ती गिळली. दुसऱ्याच दिवशी बाई त्यांना घेऊन मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि कुंडीची सगळी हकिगत सांगितली. संध्याकाळी नणंद तावातावाने बोलायला आली, तेव्हा बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, आपली तक्रार नोंदवली आहे. पुढचे." मागे सासूबाईच उभ्या होत्या. त्यांनी एकवार सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं काही नाही बाई. मी अंडी उकडत ठेवलीत, एवढंच सांगायला आले."

त्यानंतर लगेच सगळं छान झालं असं नाही. काही दिवस बरे जायचे, मग एखादा असा यायचा, की परत एक बूट पायात आणि "असू दे". बाई अशा दिवशी दुसरा बूट काढायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. पण एकदा चहा कमी गोड झाला तेव्हा मास्तरांनी साखरेचा डबा मागितला. एकदा टीव्हीवरच्या अंपायरला म्हणाले, "अरे, डोळे आहेत का?" अगदी हळू म्हणाले, पण म्हणाले. आणि डॉक्टरीणबाईंनी तळपायाला तो चिमटा लावला तेव्हा मास्तरांनी पाय झटकन ओढून घेतला. "केवढं गार आहे हो ते! गरम करून तरी लावायचं!" डॉक्टरीणबाईंनी हसत कागदावर सही केली. मास्तरांना गाडीत बसायची परवानगी मिळाली.

प्रश्न असा, की पहिला विद्यार्थी कोण? मालक कोणाच्या जिवाची जोखीम घ्यायला तयार नव्हते. बाई म्हणाल्या, मी.

सकाळची वेळ होती. गाडीला नवा दिवा बसला होता. मागच्या सीटवर सासूबाई होत्या, कारण त्यांना लेकीकडे जायचं होतं आणि रिक्षावाल्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. बाईंनी मनाशी ठरवलं होतं, आज एकही चूक मुद्दाम करायची नाही. त्यांना त्यांचा माणूस परत हवा होता, पण फसवून नको होता. अडचण एवढीच होती, की इतके दिवस चुकांचाच सराव झाल्यामुळे नीट चालवायला फार जड जात होतं.

गाडी पहिल्या गिअरमध्ये निघाली. इंडिकेटरच्या जागी इंडिकेटर लागला. आरशात बाईंनी रस्ता पाहिला. "बरं," मास्तर म्हणाले. पुढे आणखी एक वळण आलं. "बरं." सासूबाई मागून म्हणाल्या, "किती छान शांतपणे शिकवतोय!" बाईंच्या मनात चर्र झालं. समोर तोच चौक आला, जिथे त्या एकदा उतरून चालत गेल्या होत्या. मास्तरांना आठवत असेल का, म्हणून त्यांनी नुसतं एकदा वळून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा वाचायचा तर जरा जास्तच वेळ बघावं लागलं.

तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक रंगारी खांद्यावर लांबलचक शिडी घेऊन सायकलवरून चौकात आला.

बाईंच्या पायाखालचं पेडल एकदम खाली गेलं.

त्यांनी दाबलं नव्हतं. ते आपोआप, थेट तळापर्यंत गेलं. गाडी जागच्या जागी थांबली, सासूबाई पुढच्या सीटवर आपटल्या, आणि शिडीचं टोक बॉनेटच्या वरून फिरत निघून गेलं.

"रस्ता बघ, रस्ता!" मास्तर गरजले. "माझ्या तोंडावर काय सिग्नल लागलाय? शिडी! केवढी शिडी! आंधळ्यालासुद्धा दिसली असती! इतके दिवस काय शिकलीस? वायपर लावायला?"

चौकातली माणसं थांबली. समोरच्या दुकानदाराने मान बाहेर काढली आणि आत कोणाला तरी ओरडून सांगितलं, "अरे, भोंगा!"

"झालं," सासूबाई कपाळ चोळत म्हणाल्या. "सुरू झालं परत."

"उतर!" मास्तर ओरडले. "उतर गाडीतून!"

बाईंच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"नाही उतरत."

"काय?"

"नाही उतरत. किती ओरडायचंय तेवढं ओरडा. मी इथून हलायची नाही."

मागे भोंगे वाजायला लागले. मास्तर तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत राहिले. "रडतेस काय?" ते म्हणाले. "गिअर टाक आणि नीघ. मागे बघ किती गाड्या झाल्यात."

"निघू कशी? तुमचा पाय काढा की आधी."

पाय अजून पेडलवर होता, पूर्ण दाबलेला. आणि तो थरथरत होता. दांडीतून ती थरथर बाईंच्या तळव्याला लागत होती.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या. "घाबरलात?"

"घाबरू नको तर काय करू?" मास्तरांचा आवाज फाटला. "तुला काही झालं असतं म्हणजे?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. मास्तरांचा पाय वर येईपर्यंत त्या थांबल्या, आणि मग त्यांनी पहिला गिअर टाकला.